पोटाळी

भीती पोटात असते म्हणतात. माझी गुडघ्यांत आहे. आधी गुडघे जातात, आणि मग डोक्याला कळतं की आपण घाबरलो आहोत. शाळेत मुलींना दटावताना माझा आवाज पार व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचा, म्हणून लोक मला धीट समजायचे. मी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. मास्तरणीच्या नोकरीत तेवढं भांडवल लागतंच.

ही नोकरी बेळगावच्या कॅम्पात होती. इंग्रजांचं राज्य होतं, पलीकडच्या रस्त्यावर गोऱ्या सोजिरांच्या बराकी होत्या, आणि सकाळचा बिगुल वाजला की आमची शाळेची तयारी सुरू व्हायची. मी मूळची जांबोटीकडच्या डोंगरातली. घरी भाताची शेती आणि गुरं. माझा मामा पलटणीत होता. त्याला स्वतःचं मूल नव्हतं, म्हणून माझे दुधाचे दात पडायच्या आत त्याने मला उचलून कॅम्पात आणलं आणि शाळेत घातलं. गावी जाणं व्हायचं ते सुट्टीत, तेही पाऊस नसेल तेव्हा. आमच्या बाजूचा पाऊस एकदा धरला की महिनोन्महिने गावाला बाकीचं जग नसतं.

शाळेत पहिल्या दिवसापासून माझ्या बोलण्याला पोरी हसल्या. आमच्या भागात बायकासुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. मी 'मी आलो बाई' म्हटलं आणि वर्ग खो-खो हसला. भाताच्या रोपाला मी तरवा म्हणायची, पेरणीच्या अवजाराला कुरी. त्यावरही हशा. मी बोलणं सुधारलं, पण मनात कुठेतरी राग राहिला. शिकून मास्तरीण झाले तेव्हा तोच राग कामी आला. ज्या शब्दांना पोरी हसल्या होत्या ते सगळे मी आठवून लिहून काढले. सुट्टीत गावी गेले की आणखी गोळा केले. कोणता शब्द कशाला म्हणतात, कोण म्हणतं, कुठल्या कामात म्हणतात, असा एक लांबलचक लेख तयार झाला.

बेळगाव शहरात वकील-मास्तर मंडळींचं एक संशोधन मंडळ होतं. त्यांचं त्रैमासिक निघायचं. शिलालेख, जुनी कागदपत्रं, भाषा असल्या विषयांवर. त्याचे संपादक एक म्हातारे गृहस्थ होते. मी भीत-भीत लेख नेऊन दिला. त्यांच्याकडे पद्धत अशी होती की आलेला लेख आधी एखाद्या जाणकाराकडे वाचायला जायचा. त्याचा अभिप्राय चांगला आला तरच छापायचा. जाणकार कोण, हे लेखकाला सांगायचं नाही. पद्धत चांगली होती, पण म्हाताऱ्याच्या पोटात काही राहत नव्हतं. बाजारात भेटले तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, तुमचा लेख रावसाहेबांकडे दिलाय, आता काळजी करू नका.

रावसाहेब म्हणजे शिक्षणखात्यातले निवृत्त अंमलदार. सगळ्या जिल्ह्यातल्या शाळा त्यांनी तपासलेल्या. संस्कृत पंडित, आणि आमच्या शाळेच्या कमिटीवरही होते. अशा माणसाने माझं अक्षर वाचावं याचाच मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी मुलींना गृहपाठ दिला नाही.

मग काहीच घडलं नाही. पावसाळा आला, त्यात म्हातारे संपादक तापाने गेले. नवे संपादक म्हणून एक वकील आले. त्यांची माझी ओळख नव्हती. लेखाचं काय झालं हे विचारायची हिंमत होईना. शेवटी माझ्याकडच्या कच्च्या कागदांवरून लेख पुन्हा लिहिला आणि टपालाने पाठवून दिला. त्रैमासिक माझ्या घरी येत नव्हतं, तेव्हा मधल्या अंकात काय छापून आलंय याचा मला पत्ताच नव्हता.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी एके दिवशी मोठ्या बाईंनी मला वर्गातून बोलावून घेतलं. त्यांच्या हातात मंडळाचा कागद होता. तो शाळेलाही पाठवला होता, कारण शाळेच्या कमिटीवर रावसाहेब होते. मजकूर चार ओळींचा. आपण पाठवलेला लेख रावसाहेबांच्या गेल्या अंकातल्या लेखाची नक्कल असल्याचं दिसून आलं आहे, वाङ्मयचौर्याच्या या प्रकाराबद्दल येत्या सभेत हजर राहून खुलासा करावा. 'वाङ्मयचौर्य' हा शब्द मी पहिल्यांदा नुसताच वाचून गेले. पंडिती शब्दांची तीच गंमत असते, त्यांतून अर्थ उशिरा गळतो. दुसऱ्यांदा वाचताना 'चौर्य' दिसलं आणि गुडघे गेले. मोठ्या बाईंच्या टेबलाला धरून उभी राहिले.

बाई वाईट नव्हत्या. पण त्यांनाही कमिटीला तोंड द्यायचं होतं. म्हणाल्या, निकाल लागेपर्यंत मराठीचा वर्ग घेऊ नका, शिवणाच्या वर्गावर बसा. चोरी ठरली तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघींनाही माहीत होतं. मुलींच्या शाळेत चोर मास्तरीण कोण ठेवतो? आणि एका शाळेने काढलेल्या बाईला दुसरी शाळा दारात उभं करत नाही. आमच्या गावातून शिकायला बाहेर पडलेली मी पहिली मुलगी. माझी धाकटी बहीण पुढच्या वर्षी माझ्याकडे यायची होती. मी चोर म्हणून परत गेले असते तर तिची शाळा दारातच संपली असती, आणि तिच्यामागून येणाऱ्यांचीही.

मंडळाच्या वाचनालयात जाऊन मी तो अंक मागितला. तिथला कारकून मला ओळखत असावा, कारण अंक देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. रावसाहेबांच्या लेखात माझे शब्द होते. माझ्याच क्रमाने होते. प्रत्येकाला त्यांनी संस्कृत मूळ जोडलं होतं, जसं दुसऱ्याच्या वासराच्या गळ्यात आपली घंटा बांधावी. आमच्या घरात पाणी ठेवायचं एक पितळी भांडं होतं, बसकं, मोठ्या पोटाचं. त्याला घरी पोटाळी म्हणायचे, म्हणून तोही शब्द मी लेखात घातला होता. रावसाहेबांनी त्याच्यावर अख्खं पान खर्ची घातलं होतं. जुन्या कानडीतला 'पोट्टे' आणला होता, संस्कृतातली पात्रं आणली होती, आणि शेवटी लिहिलं होतं की हा सुंदर शब्द जांबोटी खोऱ्यात आपण घरोघर स्वतः ऐकला आहे.

त्यांच्या लेखाखाली छापील नाव. माझ्या लेखाखाली शाईचं. म्हातारे संपादक असते तर दोन शब्द बोलले असते, पण त्यांनी स्वर्गातून येऊन साक्ष द्यावी अशी सोय मंडळाच्या नियमांत नव्हती. लेख रावसाहेबांकडे गेला होता याचा पुरावा माझ्याकडे काहीच नव्हता. ज्याच्या हाती ससा तो पारधी. त्या रात्रीपासून माझं अन्नावरचं लक्ष उडालं. रस्त्यात कुणी हसलं तरी वाटायचं माझ्यावरच हसतायत. मामा विचारायचा, काय झालंय. पलटणीतला माणूस, त्याला सांगितलं असतं तर तो काठी घेऊन रावसाहेबांच्या दारात गेला असता. म्हणून त्यालाही सांगितलं नाही.

मनात एकच आलं. गावी जायचं, हे शब्द बायका खरोखर बोलतात याला साक्षीदार गोळा करायचे, म्हणजे मी ते कुठून आणले हे तरी दिसेल. जांबोटीपर्यंत मोटार मिळाली. पुढे चिखलातून चालत गेले. पाणवठ्यावर बायका होत्या. मी एकेक शब्द विचारत गेले आणि त्या माना डोलवत गेल्या. तरवा, व्हय. कुरी, व्हय. मग मी म्हटलं, आणि पोटाळी. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या.

मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. मी पुन्हा समजावून सांगितलं, ते पाण्याचं भांडं नाही का, बसकं. शेजारच्या घरातली आक्का म्हणाली, "ती गुंडगी की गं. पोटाळी कोण म्हणतंय? तुझी आई म्हणतीया तेवढी."

का म्हणते, असं विचारलं तर बायका आणखीनच हसल्या. शेवटी आक्कानेच सांगितलं. "तुझ्या आज्ज्याचं नाव काय हुतं, सांग बघू."

माझा आज्जा मी जन्मायच्या आधी गेला. घरात त्याला सगळे आज्जा म्हणूनच म्हणायचे. नाव मी कधीतरी ऐकलं होतं, पण ते त्या भांड्याशेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. आता ठेवलं. पहिली दोन अक्षरं तीच, गुंडगीतली. नाव मी इथेही लिहीत नाही, आमच्या बाजूच्या माणसाला भांड्यावरून कळेल. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, एवढंच नाही तर त्या नावासारखा वाजणारा शब्दही तोंडातून काढायचा नसतो. आप्पा, माझे वडील, एकुलते एक. त्यामुळे आज्ज्याला सून एकच, माझी आई. म्हणजे सगळ्या खोऱ्यात, सगळ्या जिल्ह्यात, पोटाळी हा शब्द एकाच तोंडात होता. आप्पांना मी भांड्याला नावाने हाक मारताना कधी ऐकलं नव्हतं, ते सगळ्या भांड्यांना 'ते' म्हणायचे. आणि मी शहाणी, कॅम्पात वाढलेली, आईची सासुरवाशीण जीभ उचलून नेली आणि बोलीचा नमुना म्हणून मंडळाला दिली.

घरी आले तेव्हा आई चुलीपुढे होती. मी विचारल्यावर लाजली. लग्न होऊन आल्यावर सासूने सांगितलं, ते भांडं भरून आण. कोणतं, असं विचारायचं तर नाव घेता येईना. म्हणून ही म्हणाली, ती पोट सुटलेली का? सासू हसली, आणि तेव्हापासून पोटाळी. यात एवढं काय आहे, असं तिचं म्हणणं होतं.

मी मात्र दोन्हीकडून अडकले होते. आधी चोर होते, आता खोटारडीही ठरणार. लेखात खोटा शब्द घालणाऱ्या बाईचे बाकीचे शब्द तरी खरे कशावरून? मग ओसरीवर बसल्या-बसल्या दुसरी गोष्ट ध्यानात आली. हा शब्द जगात एकाच घरात होता. रावसाहेब त्या घरात कधी आले नव्हते. मग त्यांनी तो ऐकला कुठे? माझ्या कागदाशिवाय त्यांना तो मिळायला दुसरी वाटच नव्हती. माझी चूकच माझी साक्षीदार होती. पण ती सांगायची म्हणजे भर सभेत आपलं अज्ञान आपणच मांडायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आईला मी बेळगावला चल म्हटलं. नुसतं खरं सांगायचं, बाकी काही नाही. ती घाबरली. शहराला नाही, पुरुषांच्या सभेला. आप्पा म्हणाले, खरं बोलायला भ्यायचं कशाला. ते स्वतः मात्र येणार नव्हते, लावणी अंगावर आली होती. आईने लुगडं बदललं.

सभा दुपारी होती. वाचनालयाच्या माडीवर एक लांब टेबल, भोवती मंडळाचे सभासद, मध्ये संपादक वकील. कोपऱ्यात तिवईवर पिण्याच्या पाण्याची पितळी गुंडगी होती, वर फुलपात्र उपडं घातलेलं. रावसाहेब खिडकीपाशी बसले होते, तपकिरीची डबी हातात. त्यांनी मला नमस्कारही केला. त्या नमस्काराचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली. रागावलेला माणूस चुकू शकतो, हे इतके शांत होते.

वकिलांनी मला बोलायला सांगितलं. मी जे होतं ते सगळं सांगितलं, म्हाताऱ्या संपादकांचं बाजारातलं बोलणं, पोटाळी, आज्ज्याचं नाव, आई. कुणीतरी हसलं. माझं झाल्यावर रावसाहेबांनी डबी मिटली. म्हणाले, त्यांच्याकडे कुणाचाही लेख कधी आला नाही. ही गोष्ट मात्र छान रचली आहे, मुलींना शिवण शिकवण्यापेक्षा बाईंनी गोष्टी लिहाव्यात. पोटाळी हा शब्द त्यांनी घरोघर ऐकला आहे. आणि ही गृहिणी तो सासऱ्यापायी वापरते हे खरं कशावरून? आईला पढवून आणलं नसेल कशावरून?

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. वकिलांनाही ते पटलेलं दिसलं. त्यांनी मला सांगितलं, आता तुम्ही बोलायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. मग आईकडे वळून कोपऱ्यातलं भांडं दाखवलं आणि त्याला काय म्हणता असं विचारलं. आई म्हणाली, पोटाळी.

"पढवलेला पोपट एवढं म्हणणारच," रावसाहेब म्हणाले. "गुंडगी म्हणून दाखवू द्या. घरी रोज म्हणत असणार, इथे का नको?"

वकिलांनी आईला तसं सांगितलं. आईने पदर तोंडावर घेतला. मान हलवली. मग रावसाहेब उठून तिच्यापाशी गेले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. इतका मऊ आवाज मी त्यांच्याकडून शाळा तपासतानाही ऐकला नव्हता. म्हणाले, "बाई, तुमच्या मुलीची नोकरी तुमच्या हातात आहे. एक शब्द म्हणा, आणि मुलीला घेऊन घरी जा."

तेव्हा मला कळलं ते काय करतायत. आईने गुंडगी म्हटलं की सगळं खोटं ठरत होतं. सासरा खोटा, नाव खोटं, मी खोटी. आणि आईला वाटत होतं की म्हटलं म्हणजे मी सुटणार. तिने माझ्याकडे पाहिलं. बोलू की नको, एवढंच ती डोळ्यांनी विचारत होती. आणि मला पापणी हलवायची सोय नव्हती. वकील माझ्याकडेच बघत होते. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. लाकडावर कुणीतरी पानाचा चुना पुसलेला होता. तो चुना मला आजही दिसतो. इतकी भीती मला आयुष्यात कशाचीच वाटली नाही, प्लेगाची नाही की मरणाची नाही. माझ्या भल्यासाठी माझी आई मला बुडवायला निघाली होती आणि मी तिला नको म्हणू शकत नव्हते.

रावसाहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. आईचे ओठ पदराआड हलले. आवाज आला नाही. ते आणखी एकदा काहीतरी बोलणार एवढ्यात ती होती तिथेच खाली फरशीवर बसली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. सभेत सगळे घरदारवाले पुरुष होते. त्यांतल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी बाई कुठल्या तरी शब्दावरून अशीच वळसा घालून जात होती. खोलीतलं हसणं बंद झालं.

वकिलांनी हात वर केला. आता पुरे, म्हणाले. मग रावसाहेबांना विचारलं, हा शब्द तुम्ही नक्की कुणाकडे ऐकलात? रावसाहेब म्हणाले, लिहिलंच आहे, घरोघर.

वकील जागचे उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. "रावसाहेब, घरोघरी मातीच्या चुली असतात हे कबूल. पण घरोघरी सासरा एकाच नावाचा नसतो."

रावसाहेबांनी डबी उघडायचा प्रयत्न केला. झाकण बोटांतून निसटत होतं. त्या खोलीत घाबरलेली मी एकटी नव्हते, हे मला तेव्हा दिसलं. त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, गुडघ्यांना आनंद कळत नाही.

निकालाचं सांगते. पुढच्या अंकात बारीक टायपात चौकट आली, की रावसाहेबांचा लेख लेखकाच्या विनंतीवरून मागे घेण्यात आला आहे. लेखकाची विनंती! मोठ्या माणसाची चोरीसुद्धा मानाने परत जाते. मंडळाने एक नियमही केला, की ज्याच्याकडे लेख वाचायला जाईल त्याने त्या विषयावर मध्येच आपला लेख देऊ नये. तोपर्यंत असा नियम लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. माझा लेख नंतर माझ्या नावाने छापला गेला, पण पोटाळी गाळून. वकील म्हणाले, एका घरातला आडशब्द म्हणजे बोली नव्हे, आणि खोटं ते तुमचं असलं तरी खोटंच. मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. शाळेत माझा मराठीचा वर्ग मला परत मिळाला. रावसाहेब कमिटीवर तसेच राहिले. ते वर्ग बघायला आले की मी फळ्याला टेकून शिकवायची, बसायची सोय नसायची म्हणून.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. आईला दुसऱ्या दिवशी गावी सोडायची होती, म्हणून आम्ही मोटारीची चौकशी करायला स्टँडवर गेलो. तिथल्या कट्ट्यावर ती बसली. म्हणाली, "नोकरी ऱ्हायली न्हवं?" मी म्हटलं, राहिली.

ती रडायला लागली. मला वाटलं, सुटल्याचं रडणं आहे. पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

"माझं चुकलं गं. लेकीसाठी एक शब्द म्हणायला जीभ उचलली न्हाय माझी. तोंडापातूर आलता बघ. त्या मोठ्या माणसानं आणि एकदा इचारलं असतं, तर म्हणणारच होतो मी."

माझे गुडघे गेले. सभेत टेबल तरी होतं. इथे मी तिच्या शेजारी कट्ट्यावर मटकन बसले. मग मी तिला समजावलं, तू म्हणाली नाहीस म्हणूनच मी वाचले, म्हटलं असतंस तर संपलं होतं. तिने ऐकून घेतलं. पदराने डोळे पुसले. पुढे कितीतरी वर्षं, ती होती तोवर, मी तेच सांगत राहिले. तिला ते कधी पटलं नाही. तिला वाटायचं मी तिची समजूत काढतेय. गप्प बसून कोण कुणाला वाचिवतंय, म्हणायची, आणि माझ्यापुढे नेहमी थोडी ओशाळलेली असायची.